डिस्ट्रिक्ट हीटिंगची ३८ सबस्टेशनं जळगावहून सांभाळायची आहेत: लूप कुठे ठेवावा, टेस्टिंग कसं करावं?

पॅनलवाला_जळगाव

राम राम मंडळी. आमचं नेहमीचं काम म्हणजे पाणीपुरवठ्याचे पंप, ठिबकचं ऑटोमेशन आणि रावेर-सावद्याकडच्या केळी पिकवायच्या चेंबरचे पॅनल. आता फिनलंडमधल्या एका गावाचं काम आलंय. तिथे घरोघरी बॉयलर नाही. प्लँटवर पाणी तापवतात, जमिनीखालच्या इन्सुलेटेड पाइपातून प्रत्येक इमारतीच्या तळघरात आणतात, आणि उष्णता काढून घेतलेलं पाणी दुसऱ्या पाइपातून प्लँटला परत जातं. उन्हाळ्यात लाइनचं पाणी ७० अंश, बाहेर −२६ झालं की ११५ पर्यंत.

इमारती ३८. प्रत्येकीच्या तळघरात एक सबस्टेशन, म्हणजे दोन प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणारे): एक रेडिएटरसाठी, एक नळाच्या गरम पाण्यासाठी. लाइनचं पाणी इमारतीच्या पाण्यात मिसळत नाही. दोन्हीकडे ०–१० व्होल्टचे कंट्रोल व्हॉल्व्ह, पीटी१००० सेन्सर (तापमानाबरोबर ज्याचे ओहम वाढतात तो), एम-बसचा (मीटर वाचायची दोन तारांची लाइन) हीट मीटर, छोटा पीएलसी (जागेवरचा कंट्रोलर) आणि फोर-जी राउटर. प्रोग्रॅम, सर्व्हर आणि देखरेख आमच्याकडे. गिऱ्हाइकाला तीन गोष्टी हव्यात: सकाळचा पीक (सगळ्यांची मागणी एकदम चढते तो) खाली आणणं, परतीच्या पाण्याचं तापमान उतरवणं आणि बिघाड भाडेकरूच्या तक्रारीआधी कळणं.

अडलंय ते असं. सर्व्हरवर हवामानाचा अंदाज, सगळ्या इमारतींचा डेटा असं सगळं आहेच, मग पीआयडी लूपही (मोजलेलं तापमान बघून व्हॉल्व्ह हलवत राहणारा प्रोग्रॅम) तिथेच चालवून व्हॉल्व्हला थेट टक्केवारी पाठवली तर? आमच्यातला एक गट म्हणतो तसंच करू, पीएलसीत काही ठेवायलाच नको. दुसरं, इथे बाहेर ४३ अंश असताना −२६ चा प्रोग्रॅम तपासायचा कसा? तिसरं, ट्रायल म्हणून चालू केलेल्या एका इमारतीत नळाचं गरम पाणी ४८ ते ६६ च्या मध्ये झोके घेतंय, सेटपॉइंट ५८. साधारण दीड मिनिटाला एक झोका. व्हॉल्व्ह केव्हीएस ४ (पूर्ण उघडा असताना १ बार दाबफरकाला तासाला ४ घनमीटर पाणी), स्ट्रोक ५ मिमी, पूर्ण उघडायला ७५ सेकंद. एक्स्चेंजर २०० किलोवॅटचा. सेन्सर बाहेर जाणाऱ्या पाइपावर पट्ट्याने बांधलाय.

तापीकाठचा

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: लूप पीएलसीतच ठेवा. फोर-जीचा उशीर हे त्याचं कारण नव्हे, रेडिएटरचा लूप इतका सुस्त असतो की दोन सेकंद इकडेतिकडे चालून जातात. अडचण लिंक तुटते तेव्हा येते. सर्व्हरने शेवटचं पाठवलेलं १८ टक्के व्हॉल्व्ह धरून बसला आणि रात्रीतून बाहेरचं तापमान १२ अंशांनी उतरलं, तर इमारत गार पडते आणि तुमच्या स्क्रीनवर फक्त ‘कनेक्शन नाही’ एवढंच दिसतं.

फिनलंडातच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये लापेनरांता शहरात दोन इमारतींचं हीटिंग असंच बंद पडलं होतं. कंट्रोलरवर इंटरनेटवरून ट्रॅफिकचा मारा झाला, कंट्रोलर सावरण्यासाठी रीस्टार्ट व्हायचे, पुन्हा मारा, पुन्हा रीस्टार्ट. त्या चक्रात पाणी तापवायचं काम राहूनच गेलं. म्हणून नेटवर्कचं काम आणि कंट्रोलचं काम एकाच वॉचडॉगला (काम अडकलं की रीस्टार्ट करणारी सोय) बांधू नका. कम्युनिकेशन मेलं म्हणून पीएलसी रीस्टार्ट होत असेल तर ती सोय आजच काढून टाका.

पीएलसीत हीटिंग कर्व्ह ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या तापमानावरून रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान. नमुन्यादाखल: बाहेर −२६ तर ६०, −१० तर ४९, ० तर ४१, +१० तर ३१, +१७ च्या वर पंप बंद. मधले आकडे सरळ रेषेने काढा. प्रत्येक इमारतीचा कर्व्ह वेगळा निघेल, जुन्या इमारतींना जास्त गरम पाणी लागतं.

सर्व्हरने पाठवायचा तो फक्त या कर्व्हवरचा सरकाव, म्हणजे पाण्याचं तापमान किती अंश वर-खाली करायचं ते. मर्यादा पीएलसीतच घट्ट बांधा, −४ ते +३ पुरे. त्याच्या बाहेरचा आकडा आला तर कापून घ्यायचा आणि लॉगमध्ये नोंद करायची. सोबत मुदत: दोन तासांत नवा आकडा आला नाही तर सरकाव हळूहळू शून्यावर. एवढं असलं की लिंक आठवडाभर नसली तरी घरं गरम राहतात, फक्त पीक कापणं बंद होतं.

घाबरून जाऊ नये म्हणून एक हिशोब. जाड भिंतींच्या इमारतीचा टाइम कॉन्स्टंट (आत-बाहेरचा फरक सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ) १०० तास धरा. आत २१, बाहेर −२०, हीटिंग पूर्ण बंद, माणसांची आणि उपकरणांची उष्णता हिशोबात नाही. १२ तासांनी आत १६.४, २४ तासांनी १२.३. म्हणजे माणूस पाठवायला वेळ मिळतो. अपवाद एकच आणि तो मोठा आहे: व्हेंटिलेशनच्या एअर हँडलिंग युनिटची गरम पाण्याची कॉइल. −२० ची हवा थेट तिच्यावर येते, पाणी थांबलं तर काही मिनिटांत गोठून नळ्या फुटतात. तिथला फ्रॉस्ट थर्मोस्टॅट ५ अंशांवर, आणि तो लागला की फॅन बंद, बाहेरच्या हवेचा डँपर बंद, व्हॉल्व्ह १०० टक्के. हे वायरिंगनेच करा. सॉफ्टवेअरमधून बायपास करायची सोय कोणी मागितली तरी देऊ नका.

कॅलिब्रेशनवाली

−२६ साठी फ्रीजर शोधू नका. पीएलसीला थंडी दिसते ती ओहममध्ये, तेवढे ओहम द्या. पीटी१००० चे आकडे: −२६ ला ८९८.०, −१० ला ९६०.९, ० ला १०००, २० ला १०७७.९, ६० ला १२३२.४, ११५ ला १४४१.८. डिकेड रेझिस्टन्स बॉक्स (हवे तेवढे ओहम लावता येतात असा डबा) असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर ८२० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर आणि त्याला सिरीजमध्ये २०० ओहमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट. ८२० + ७८ = ८९८, की तुमच्या जळगावच्या टेबलावर −२६ हजर.

साधा १ टक्क्याचा रेझिस्टर लावून त्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. ८९८ चा १ टक्का म्हणजे ९ ओहम, म्हणजे २.३ अंशांची चूक. चांगल्या मल्टिमीटरने मोजून ट्रिम करा. १०० पीपीएमचा रेझिस्टर असेल तर २५ अंशांच्या खोलीत लावलेला आकडा ४३ अंशांत दीडेक ओहमने सरकतो, तो पाव-अर्धा अंश. कर्व्ह तपासायला चालेल, सेन्सर इनपुट कॅलिब्रेट करायला नाही.

तपासणीत फक्त स्थिर आकडे देऊन थांबू नका. ट्रिमपॉट फिरवून बाहेरचं तापमान एका तासात ० वरून −२६ वर न्या आणि पाण्याचा सेटपॉइंट पायऱ्या न घेता चढतोय का बघा. मग वायर काढा. पीटी१००० तुटला की रेझिस्टन्स अनंत, म्हणजे पीएलसीला बाहेर प्रचंड ऊन वाटतं आणि तो हीटिंग बंद करतो! शॉर्ट झाला की उलट, टोकाची थंडी समजून व्हॉल्व्ह सगळा उघडतो. एनटीसी सेन्सर (तापमान वाढलं की ज्याचे ओहम उतरतात तो) असेल तर दोन्ही उलटं. म्हणून −५० च्या खाली किंवा +५० च्या वर वाचन गेलं की सेन्सर खराब धरा: अर्धा तास शेवटचं चांगलं वाचन, मग सर्व्हरने पाठवलेलं बाहेरचं तापमान, तेही नसेल तर पीएलसीत भरून ठेवलेला ठरावीक आकडा. हिवाळ्यात मी −१० ठेवेन. घर थोडं जास्त तापलं तर लोक खिडकी उघडतील, गोठलं तर पाइप फुटतील.

वायरचा हिशोबही कागदावर करून पाठवा, तिथला इलेक्ट्रिशियन विचारेल. ०.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.०३५ ओहम. सेन्सर ५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर, ३.५ ओहम, पीटी१००० ला ०.९ अंश जास्त दिसणार. पीटी१०० असता तर हीच चूक ९ अंशांची झाली असती. तुमच्याकडे पीटी१००० आहे ते बरं आहे, एक ऑफसेट टाकून मोकळे व्हा.

बाहेरचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून अडीच-तीन मीटर वर, खिडकी आणि एक्झॉस्टपासून लांब. भिंतीतून वायर जिथून येते ते भोक सीलंटने बंद झालंच पाहिजे. तळघरातली गरम हवा त्याच भोकातून सेन्सरच्या डबीत शिरते आणि बाहेर −१५ असताना −९ दाखवते. डेटात हे ओळखायची खूण सोपी आहे: ३८ पैकी एकच इमारत सतत शेजाऱ्यांपेक्षा गरम ‘हवामान’ दाखवते आणि तिथलेच लोक गारठ्याची तक्रार करतात.

पट्ट्याने बांधलेल्या सेन्सरबद्दल: नळाच्या पाण्याला तो चालत नाही. पाइपाची भिंत तापायची, मग पट्टा, मग सेन्सर, यात वीस-तीस सेकंद जातात. एक्स्चेंजरच्या तोंडाशी, ५–१० सेंमीच्या आत, थेट पाण्यात बुडणारा बारीक सेन्सर लावा. पॉकेट (पाण्यात बसवलेली, सेन्सर घालायची बंद नळी) असेल तर त्यात पेस्ट भरा, कोरडा पॉकेट म्हणजे पुन्हा तेच.

नोड_४८५

ताईंनी सेन्सरचं बठ्ठं सांगी टाकं. मी तारांवर येतो.

एम-बस म्हणजे मॉडबस (पीएलसी आणि उपकरणांनी एकमेकांची रजिस्टर वाचायची-लिहायची पद्धत) नव्हे, हे पॅनल वायर करणाऱ्या पोराला आधी सांगा. आरएस-४८५ च्या पोर्टला एम-बस मीटर जोडून काहीच होत नाही. लेव्हल कन्व्हर्टर लागतो, तो दोन तारांवर साधारण ३६ व्होल्ट देतो आणि मीटर करंट बदलून उत्तर देतो. पोलॅरिटी कशीही चालते. २४०० बॉड, इव्हन पॅरिटी. नव्या मीटरचा प्रायमरी ॲड्रेस बहुतेक ०, तो १ ते २५० मधला देऊन घ्या. टेबलावर एकच मीटर असताना २५४ ने विचारलं तर ॲड्रेस माहीत नसतानाही उत्तर येतं. दोन मीटर असताना २५४ वापराल तर दोघंही एकदम बोलतील आणि कचरा येईल.

मीटर बॅटरीवरचा असेल तर दर दहा सेकंदाला विचारू नका, दहा-बारा वर्षांसाठी बसवलेली बॅटरी फार आधी बसते. १५ मिनिटं किंवा तास पुरे. मीटरमधला किलोवॅटचा आकडाही थांबून थांबून बदलतो, त्यावर कुठलाही जलद लूप बांधू नका.

वायरलेस एम-बसचं प्रलोभन होईल. युरोपात ते ८६८.९५ मेगाहर्ट्झवर चालतं, आपला विनापरवाना पट्टा ८६८ च्या आत संपतो. जळगावात ते चालू करून टेस्ट करायच्या भानगडीत पडू नका, तारेचंच घ्या.

पीएलसी ते बाकी उपकरणं मॉडबसवर असतील तर दोन जागी सगळेच अडकतात. एक म्हणजे रजिस्टर एकने पुढे-मागे, कागदावर ४०००१ आणि प्रत्यक्षात ०. दुसरं, ३२ बिटी फ्लोटचे दोन शब्द उलटे. ५८.० ऐवजी काहीतरी अगडबंब किंवा जवळपास शून्य दिसलं की शब्द अदलाबदल करून बघा.

आता सुरक्षितता. मॉडबसला पासवर्ड नाही. पोर्ट ५०२ वर जो पोचला त्याला रजिस्टर लिहिता येतं. २०२४ च्या जानेवारीत युक्रेनच्या ल्वीव शहरात हेच झालं: हल्लेखोरांनी हीटिंग कंट्रोलरना मॉडबसवरून आदेश पाठवले, चुकीची मापं दिसू लागली, आणि उणे तापमानात ६०० हून अधिक इमारतींना जवळपास दोन दिवस गरम पाणी मिळालं नाही. त्या मालवेअरला पुढे फ्रॉस्टीगूप हे नाव पडलं. आत शिरायची वाट बहुधा बाहेरून दिसणाऱ्या राउटरमधून काढली होती, तीही कित्येक महिने आधी. आतल्या नेटवर्कला भिंती नव्हत्या, म्हणून एका राउटरवरून सगळीकडे जाता आलं.

म्हणून: सिमला प्रायव्हेट एपीएन (मोबाइल कंपनीचं वेगळं, बंद नेटवर्क) घ्या. नाही मिळालं तर साधं सिम, पण त्याला पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पत्ता) नाही ना हे तपासून, काही कंपन्या तो देतात. राउटरनेच आतून बाहेर व्हीपीएन उघडायचं. पोर्ट फॉरवर्डिंग एकही नाही, ‘कमिशनिंगपुरतं’ सुद्धा नाही. व्हीपीएनमध्ये इमारत इमारतीला दिसता कामा नये, प्रत्येकीला फक्त सर्व्हर दिसावा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड ३८ जागी ३८ वेगळे. आणि लिहिण्यासाठी उघडी रजिस्टर मोजकीच ठेवा: सरकाव, त्याची मुदत, वेळापत्रक. व्हॉल्व्हची टक्केवारी बाहेरून लिहिता येईल असं रजिस्टरच बनवू नका, मग कोणी आत शिरलं तरी फार तर −४ करू शकेल.

घड्याळ: सगळे लॉग यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळ). फिनलंड हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे एक तास दोनदा येतो. स्थानिक वेळ साठवली असेल तर त्या दिवशीचं बिल किंवा आलेख गंडणार हे नक्की.

तळघरात सिग्नल कमी मिळतो, दार लोखंडी असतं. आरएसआरपी (फोर-जी सिग्नलची ताकद) −११० च्या खाली असेल तर राउटर बदलत बसू नका, अँटेना वर काढा.

शिरपूरकर

एक शंका, भाऊ. तुमचा रात्रपाळीवाला जळगावात बसून अलार्म बघेल, पण पुढे करणार काय? व्हॉल्व्ह अडकला असेल तर स्पॅनर घेऊन फिनलंडला जाणार का? तिथले रात्रीचे १० म्हणजे आपले दीड. अलार्म तिथल्या ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर थेट गेला पाहिजे, तुमचा माणूस फक्त काय झालंय ते सांगायला.

बाकी इकडे या तंत्राला गिऱ्हाईक मिळणार नाही. धुळ्याला पारा पाच-सहावर आला तरी शेकोटीवर भागतं, आणि फुकटचं गरम पाणी हवंच असेल तर चोपड्याजवळ उनपदेव आहे. उलटा प्रकार मात्र चालतो: गुजरातेत गिफ्ट सिटीमध्ये एका प्लँटमधून गार पाणी इमारतींना जातं. सबस्टेशनचा आराखडा बराचसा हाच, फक्त उलट्या दिशेने. शिकलेलं वाया जाणार नाही.

पॅनलवाला_जळगाव

सगळ्यांचे आभार. लूप पीएलसीत ठेवायचं पक्कं झालं, सरकाव −४ ते +३ आणि दोन तासांची मुदत टाकली.

नळाच्या पाण्याचं: तिथल्या माणसाने सेन्सर पाण्यात घेतला आणि ॲक्चुएटर बदलला, आता ३ सेकंद प्रति मिमी, म्हणजे १५ सेकंदांत पूर्ण. दिवसा ५६ ते ६० मध्ये राहतंय. पण रात्री १ ते ५ पुन्हा झोके, ५१ ते ६५. प्रपोर्शनल बँड (रुंद केला की व्हॉल्व्ह कमी हलतो) दुप्पट केला, थोडं कमी झालं, गेलं नाही. त्या वेळी बाहेर −१० च्या आसपास, लाइनचं पाणी ९५. ही इमारत प्लँटच्या अगदी जवळ आहे.

दीपनगरकर

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. प्लँटजवळ सप्लाय आणि रिटर्नमधला दाबफरक हिवाळ्यात सगळ्यात जास्त असतो, कारण टोकाच्या इमारतीला पुरावा म्हणून पंप जोरात चालतात. तुमच्या पीआयडीत खोट नाही, व्हॉल्व्ह त्याच्या किमान मर्यादेखाली चालतोय.

हिशोब करून बघा. प्रवाह घनमीटर प्रति तास = ०.८६ × किलोवॅट ÷ तापमानफरक. लागणारा केव्ही (केव्हीएससारखाच आकडा, पण व्हॉल्व्ह त्या वेळी जेवढा उघडा तेवढ्याचा) = प्रवाह ÷ दाबफरकाचं (बारमध्ये) वर्गमूळ. उन्हाळ्यातली कमाल: २०० किलोवॅट, ७० चं पाणी २५ होऊन परत, फरक ४५, प्रवाह ३.८२. दाबफरक १ बार असेल तर केव्ही ३.८, म्हणून केव्हीएस ४ निवडला, निवड बरोबर. आता रात्रीचे ३. नळ कोणी उघडत नाही, उष्णता लागते ती फक्त इमारतीत फिरणाऱ्या सर्क्युलेशन लाइनच्या उष्णतेच्या गळतीपुरती, धरा ६ किलोवॅट. परत येणारं पाणीच ५० च्या वर असल्याने लाइनचं ९५ चं पाणी ५५ पर्यंतच उतरतं, फरक ४०. प्रवाह ०.१३. दाबफरक ४ बार असेल तर केव्ही ०.०६५. तुमच्या व्हॉल्व्हची रेंज ५०:१ असेल तर ०.०८ च्या खाली तो नियंत्रण करूच शकत नाही, सीटवर उघड-बंद उघड-बंद करत राहतो. सीटही लवकर झिजते.

आधी पुरावा घ्या: रात्री व्हॉल्व्ह मॅन्युअलवर घेऊन २–३ टक्क्यांवर दहा मिनिटं सोडा. पाणी स्थिर राहिलं तर झोका लूपचा, मग गेन (पीआयडीचा जोर) हलवा. मॅन्युअलवरही तापमान हलत असेल तर लाइनचा दाबच हलतोय. मॅन्युअल सोडून उठू नका, सकाळी पहिला नळ उघडला की पाणी गार येईल.

उपाय म्हणजे डिफरन्शियल प्रेशर रेग्युलेटर, विजेशिवाय चालणारा, रिटर्न लाइनमध्ये, बारीक इंपल्स ट्यूब सप्लायला. १ बारवर लावा. मग रात्रीचा केव्ही ०.१३ होतो आणि तोच व्हॉल्व्ह सांभाळून घेतो, उन्हाळ्यातली कमालही निघते. इंपल्स ट्यूबवरचा छोटा कॉक बंद राहिला तर रेग्युलेटर असून नसल्यासारखा, ते आधी बघायला सांगा. तरीही भागलं नाही तर एका व्हॉल्व्हऐवजी दोन समांतर, केव्हीएस १.६ आणि २.५, लहान आधी उघडतो. हे महाग आहे, पहिल्यांदा सुचवू नका.

आणि हे झोके ‘लोक झोपलेत’ म्हणून सोडून देऊ नका. फिनलंडात नळाचं गरम पाणी ५५ च्या खाली जाऊ द्यायचं नसतं, लेजिओनेला जंतूमुळे, आणि ६५ च्या वर भाजायचा धोका. म्हणून या सेटपॉइंटला सर्व्हरचा सरकाव कधीच लावायचा नाही, पीक कापायचा तो रेडिएटरच्या बाजूने.

पीकबद्दल. रेडिएटरचं सरासरी तापमान ४५ वरून ४२ केलं तर उष्णता साधारण १६ टक्के कमी होते. १०० तासांच्या इमारतीत बाहेर −१० असताना दोन तास असं केलं तर खोली ०.१ अंशाने उतरते, कोणाला कळतही नाही. गंमत पुढे आहे. ३८ इमारती एकदम उतरवल्या आणि आठ वाजता एकदम सोडल्या तर आठचा पीक सहाच्या पीकपेक्षा मोठा होतो. चार-पाच गट करा, प्रत्येक गट १५–२० मिनिटांनी पुढे-मागे, आणि सोडताना तासभर उतार द्या. रात्री तापमान उतरवायची जुनी वेळापत्रकं पीएलसीत पडून असतील तर तीही बघा, सकाळचा अर्धा पीक बऱ्याचदा त्यांनीच केलेला असतो.

प्लँटच्या माणसाशी बोलताना हेही ध्यानात असू द्या की पाइपातलं पाणी सेकंदाला मीटरभर जातं. ५ किमीवरच्या इमारतीला प्लँटने चढवलेलं तापमान सुमारे ८३ मिनिटांनी मिळतं, दाबातला बदल मात्र काही सेकंदांत. दोन्ही एकाच आलेखावर बघून ‘सेन्सर चुकतोय’ म्हणू नका.

कॅलिब्रेशनवाली

दादा, रिटर्नचं राहिलं. मीटरमध्ये घनमीटर आणि मेगावॅट-तास दोन्ही मिळतात, त्यांचा भागाकार करून ३८ इमारतींची उतरत्या क्रमाने यादी लावा. तापमानफरक ५० असेल तर एका मेगावॅट-तासाला सुमारे १७ घनमीटर लागतात, ३० असेल तर २९. यादीतल्या वरच्या पाच इमारतींतच बहुतेक दुखणं सापडेल. त्या इमारतींत रेडिएटरच्या बाजूने लाइनला परत जाणारं पाणी आणि इमारतीतून एक्स्चेंजरला येणारं पाणी यातला फरक बघा. चांगल्या एक्स्चेंजरमध्ये तो ३ अंशांच्या आत असतो. ८–१० झाला की प्लेटवर थर बसलाय किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मीटरची ऊर्जा शून्य आणि प्रवाह मात्र चालू दिसत असेल तर सप्लाय-रिटर्नचे सेन्सर अदलाबदल झालेत, प्लेट उघडायच्या आधी तेवढं तपासा.

तापीकाठचा

अलार्मचे आकडे मागे कोणी दिले नाहीत म्हणून. नळाचं पाणी ५५ च्या खाली सलग १० मिनिटं, ६५ च्या वर १ मिनिट. रेडिएटरचं पाणी सेटपॉइंटपासून ५ अंश दूर, सलग ३० मिनिटं. पंपाला आदेश आहे पण करंट नाही, २० सेकंद. हे सगळे थेट तिथल्या माणसाला. लिंक गेली तर एक तास थांबून फक्त जळगावात, त्याला झोपेतून उठवायचं नाही.

इमारतीच्या रेडिएटरच्या पाण्याचा दाब मात्र दोन्ही बाजूंनी पहा, खाली जातोय का आणि वर चढतोय का. सहा मजली इमारतीत पाण्याचा उभा स्तंभ १८ मीटर, म्हणजे १.८ बार, अलार्म २.१ वर लावा. खाली गेला तर गळती. आणि दाब दिवसेंदिवस हळूहळू वर चढत असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत असेल, तर प्लेट आतून फुटलीये आणि लाइनचं जास्त दाबाचं पाणी इमारतीत शिरतंय. नळाच्या एक्स्चेंजरमध्ये असंच झालं तर फोन भाडेकरूचाच येईल: फिनलंडात लाइनच्या पाण्यात गळती शोधायला पायरॅनिन नावाचा हिरवा रंग टाकतात, तो नळातून दिसतो. असा फोन आला तर दूरवरून काही करू नका, त्या एक्स्चेंजरचे हाताचे व्हॉल्व्ह बंद करायला माणूस पाठवा.

हस्तांतराआधी प्रत्येक इमारतीत सिम काढून २४ तास चालवा, आणि त्याच २४ तासांत एकदा मेन स्विच बंद करून चालू करा. पीएलसीने कर्व्ह, वेळापत्रक आणि घड्याळ स्वतःहून धरलं पाहिजे. राउटरशिवाय घड्याळ १९७० वर जाणारे पीएलसी अजून विकले जातात, आणि मग रविवारचं वेळापत्रक बुधवारी लागतं.

पॅनलवाला_जळगाव

रेग्युलेटर तिथे आधीपासून बसवलेला निघाला. दीपनगरकर म्हणाले तोच प्रकार, इंपल्स ट्यूबचा कॉक बंद होता. आता रात्री ५७ ते ५९. बाकीच्या ३७ ठिकाणी तो कॉक बघायचं चेकलिस्टमध्ये टाकलंय, सिम काढायच्या टेस्टच्या वरच्या ओळीत.